दोघींचं टेबल

प्रिय शालन,

तुझ्या दारात येऊन बोलले असते, पण मग मला रडू येईल, आणि तुझ्यासमोर आता रडायचं नाही. म्हणून लिहिते आहे. नळावर आपण भेटतो, पण तू अर्धाच भरलेला हंडा उचलून निघून जातेस. मीही खाली मान घालते. गेणूभाऊंच्या गाईला कालवड झाली, माझ्या सासूबाईंचे गुडघे पुन्हा सुजलेत. यातलं काही तुला सांगता आलं नाही. पूर्वी सगळ्यात आधी तुलाच सांगितलं असतं.

टेबल करायचं तुझ्याच डोक्यात आलं होतं. दोघी बाहेरून बारावीला बसलो होतो आणि जमिनीवर वाकून लिहिताना तुझी पाठ धरायची. विकतचं परवडणार नव्हतं. मग तळेगावच्या कारखान्यात मशिनं ज्या खोक्यांतून येतात, त्यांच्या फळ्या रखमाजीकाकांनी आपल्या टेम्पोत टाकून आणल्या. पायांना तुमची मोडकी बाज. करवत गेणूभाऊंची. तू करवत ओढायचीस आणि मी फळीवर पाय देऊन उभी. वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ केले. एक पाय आखूडच निघाला, त्याखाली तू जुन्या चपलेचा तळ कापून ठोकलास. आठवतं का, बाया बघायला यायच्या आणि म्हणायच्या, “ह्या दोघी आता सुतारकी करत्यात.” तुला राग यायचा, मला हसू.

रंगाचे डबे आमच्या ह्यांनी आणले, लोणावळ्याच्या बंगल्यांवर कामं संपली की तळाशी राहतो तेवढा. एकात निळा, एकात पिवळट. तुला सगळं निळं हवं होतं. खिळ्यांच्या खाचांत मी बोटानं पुट्टी भरली, ती वाळायच्या आतच तू ब्रश मारायला घेतलास, आणि फुगे आले. सगळं घासून पुन्हा रंगवलं. निळा वरच्या फळीलाच पुरला, म्हणून पाय पिवळे. पण किती देखणं वाटलं होतं ते आपल्याला. आमच्या ओसरीवर ठेवलं, कारण उजेड आमच्याकडे जास्त. एकाच बाजूला दोघी बसायचो, माझ्या कोपरानं तुझं अक्षर बिघडायचं. इंग्रजीचे धडे मी तुला मोठ्यानं वाचून दाखवायचे. निकाल लागला तेव्हा तू पेढे घेऊन आलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, “मला हिनं पास केलं.” माझे मार्क तुझ्यापेक्षा जास्त होते, पण त्या दिवशी ते कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

मग सावित्राबाई अंगणवाडीतून निवृत्त झाल्या. जागा भरणार, गावातलीच बाई घेणार, मार्क बघणार, असं कानावर आलं. माझी ईश्वरी तेव्हा तापानं फणफणलेली, मी तिला घेऊन इंदुरीला आईकडे. तू वडगावला निघाली होतीस, म्हणून फोनवर म्हटलं, तिथल्या तालुक्याच्या ऑफिसात चौकशी करून ये. संध्याकाळी तुझाच फोन आला. “न्हाई गं, औंदा भरतीच न्हाई. पुढल्या वर्षी बघू म्हणत्यात. आपण दोघी संगंच जाऊ.” शालन, बाकीचं मी कधीतरी विसरेनही. ते “संगंच” विसरता येत नाही.

मी भात लावणीला गेले होते त्या दिवशी तू टेबल नेलंस. घरी आले तर ओसरी रिकामी. सासूबाई म्हणाल्या, “शालन घेऊन गेली, अंगणवाडीत लागतंय म्हणं. तूच ने म्हणून सांगितलंस ना? तिला नोकरी लागली, तुला ठावं न्हाई व्हय?” चिखलाच्या पायांनी मी तशीच उभी राहिले. सासूबाईंना म्हटलं, व्हय, मीच सांगितलं होतं. का म्हटलं, मला अजून कळलेलं नाही. आमचे हे म्हणाले, तक्रार कर. कसली करणार? अर्ज तर मी केलाच नव्हता. तुला नोकरीची गरज होती हे मला ठाऊक आहे. तू म्हणाली असतीस, रेणुका, ह्या वेळी मला जाऊ दे, तर मी काय केलं असतं? भांडले असते. कदाचित थांबलेही असते. ते ठरवायची संधी तू मला दिली नाहीस.

टेबल परत मागायला हे लिहीत नाही, ते तिथंच राहू दे. ईश्वरीला तीन वर्षं पुरी झाली. वाडीत अंगणवाडी एकच आहे आणि तिथं तू आहेस. उद्या सकाळी मी तिला घेऊन येते आहे. ती तुला अजून शालनमावशी म्हणते, तुझ्या घराकडे बोट दाखवून विचारते, मावशी का येत नाही. मी तिला काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तिच्याशी तू चांगलीच वागशील हे मला माहीत आहे, आणि त्याचाच जास्त त्रास होतो. एवढंच कर. उद्या मला बघून उठून जवळ येऊ नकोस, हात धरू नकोस, वाडीच्या बायांसमोर डोळ्यांत पाणी आणू नकोस. दारात मी तिचा हात सोडीन, तू तो धर आणि तिला आत ने. मी लगेच वळून जाईन.

‘तुझीच’ लिहायला हात धजत नाही, तरी दुसरं काय लिहावं ते सुचत नाही,
रेणुका