दोनचं औषध

सोम., ३ फेब्रु.
शेजारच्या नानाला उद्या धुळ्याच्या दवाखान्यातून सुट्टी. बरा झाला म्हणून त्याच्या बायकोने, अक्काने, गल्लीत पेढे वाटले. मी घेतला नाही. वै.चा बाप! वै.सोबत दिसलो म्हणून कॉलेजच्या गेटवर सगळ्यांसमोर मला चप्पल मारली होती. "शिकून काय दिवे लावणार रे!" परत त्या गेटात गेलो नाही. वै.ला लग्न लावून सावद्याला देऊन टाकलं.

मंगळ., ४
गाडी माझीच सांगितली. वॉर्डातल्या सिस्टर अक्काला म्हणाल्या, ही सुट्टी बरं झाल्याची नाही. कॅन्सर पसरलाय, इलाज संपला. घरी दुखू द्यायचं नाही, एवढंच. सिस्टरसाठी आणलेला पेढ्यांचा पुडा अक्काच्या हातातच राहिला.
"सिरिंजवरचे आकडे घरी कोण वाचेल?"
अक्काने माझ्याकडे बोट केलं. "हाऊ शिकेल शे."
शिकेल!! म्हणे शिकलेला, मी!
सिस्टरनी आधी मलाच खाटेवर झोपवून कुशीवर वळवलं. "कळलं कसं वाटतं? आता त्यांना वळव." मग बिनसुईच्या सिरिंजमध्ये तोंडात द्यायचं औषध भरायला लावलं, तीनदा. "दुखायची वाट बघायची नाही, घड्याळ बघायचं. दिलेली वेळ वहीत लिहायची."
नानाचं दुखणं माझ्या हातात. देव आहे म्हणायचा.

शनि., ८
दोनचं अडीचला दिलं. मुद्दाम. खुर्ची ओढून समोर बसलो. तो उशी चावत होता. वहीत लिहिलं २.००.
मजा आली. थोडी.

रवि., ९
सिस्टरचा फोन. मी वहीतल्या वेळा वाचून दाखवल्या.
"रोज बरोब्बर दोन, बरोब्बर सहा? आम्हाला वॉर्डात जमत नाही इतकं, भाऊ. खरं काय ते लिहीत जा."
मी वही मिटली.
"जमत नसेल तर दुसरं कुणी बघू."
"जमतं," म्हणालो. का म्हणालो...

मंगळ., ११
वै. येतेय, चारच्या बसने. अक्का आत्तापासूनच स्टँडवर.
दोनला सिरिंज भरली. ठरवलं होतं, आधी विचारायचं, चप्पल आठवते का? माफी माग, मग औषध. मी तोंड उघडायच्या आत त्यानेच मान फिरवली.
"नको. झोप लागस. पोर येवानी शे."
पोर येईपर्यंत जागं राहायचं होतं त्याला. सगळा डावच गेला.
सिस्टरना फोन. "शुद्धीत नको म्हणतात ना? मग ऐक त्यांचं. जवळ बस. नुसत्या नजरेने मागितलं तरी लगेच दे."
बसलोय. त्याने माझं डावं मनगट आवळलंय, चप्पलवाल्याच हाताने. विव्हळतोय. नजर दाराकडे.
वै. दारात येईल तेव्हा तिला काय दिसणार? भरलेली सिरिंज माझ्या मांडीवर, बाप तळमळतोय. शनिवारचं वेगळं, आजचं वेगळं, हे तिला कोण सांगणार? वहीत तर शनिवारी खोटं २.०० आहे.
आज वहीत: ३.१०. औषध दिलेलं नाही. हे खरं लिहिलंय.