खिडकीकडे तीन पावलं

६ ऑगस्ट
शाळेतल्या नाचाच्या बाईंचा पाय मोडला. दोन महिने येणार नाहीत. मोठ्या बाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, गेली नोकरी. तर म्हणतात, "मावशी, परवा हॉल पुसताना तुम्ही गाण्यावर पावलं टाकत होतात. मी दारातून पाहिलं. तेच पोरांना शिकवा. महिनाअखेरीला कार्यक्रम आहे."
मी हो म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं. मग बादली घेऊन बाथरूममध्ये गेले आणि नुसती बसून राहिले.
छकुलीला बरोबर आणू देतात म्हणून ही नोकरी धरली. काही चुकलं आणि काढून टाकलं तर अडीच वर्षांच्या पोरीला कुठे ठेवू?

७ ऑगस्ट
ह्यांना सांगितलं. "तू? शिकवणार?" आणि हसले. वाईट मनाने नाही, पण हसले.
म्हटलं, हसा. आज जेवण गरम करून मिळणार नाही.
नाहीच केलं गरम.

९ ऑगस्ट
आज दुसरी-तिसरीची पोरं. पाठ फिरवली की पळतात. एक तर पडद्यावर चढला. म्हणून त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिले. मी हात वर, ती हात वर. आरशात बघावं तसं.
नाचातले शब्द मला येत नाहीत. मी आपलं म्हटलं, पीठ चाळा. कपडे पिळा. झटका. दोरीवर टाका. पोरांना एका फटक्यात कळलं! एक चिमुरडी म्हणाली, "मावशी, आमच्याकडे बाबा पिळतात." म्हटलं, मग बाबांसारखं पीळ.
छकुली गाद्यांच्या ढिगावर बसून टाळ्या वाजवत होती. नंतर तिथेच शू केली.

११ ऑगस्ट
सहावी-सातवी. ही पोरं माझ्याएवढी उंच. मागून कोणीतरी बोललं, "आता झाडू पण शिकवणार का?" सगळे खिदळले.
त्यांच्या तोंडाकडे बघवेना. पाठ करून उभी राहिले आणि नाचायला लागले. थांबलेच नाही. गाणं संपलं तेव्हा मागे आवाज नव्हता. वळून बघितलं तर निम्मी नाचत होती.
झाडूचं बोलणाऱ्या पोराला जवळ बोलावलं. म्हटलं, हो, झाडूपण शिकवते. झाडू मारताना कंबर कशी वळते दाखव बघू. त्याला जमेना. मग मी दाखवलं. तीच आमची पाचवी स्टेप झाली.

१२ ऑगस्ट
पाय सुजले. मजा आली.

२२ ऑगस्ट
कसं लिहू.
आज पहिल्यांदा लहान-मोठी एकत्र उभी केली. दोन आठवडे वेगवेगळी शिकली होती. गाणं लावलं. उजवीकडे तीन पावलं – मोठी गेली उजवीकडे आणि लहान गेली डावीकडे. धाड! सातवीतल्या पोराचं कोपर तिसरीतल्या पोरीच्या तोंडावर. दात पडला. रक्त.
लहानांसमोर मी तोंड करून नाचले, म्हणून माझी उजवी त्यांना डावी झाली. मोठ्यांना पाठ करून शिकवलं, त्यांचं बरोबर. आणि पाठ का केली होती? घाबरले म्हणून. दुसरं काही नाही.
पोरीला मांडीवर घेतलं, गुळण्या करायला लावल्या. ती रडली नाही. मीच रडत होते.

२३ ऑगस्ट
तिचे वडील आले. केबिनच्या काचा हलत होत्या. "शाळेला शिकलेली बाई मिळाली नाही का? झाडणाऱ्या बायका शिकवणार आमच्या मुलांना?"
मी बाहेर उभी होते. दार ढकलून आत गेले. म्हटलं, "चूक माझी आहे. पोरांची नाही. डावं-उजवं माझं चुकलं. पण झाडते म्हणून चुकलं नाही."
पोरगी मध्येच म्हणाली, "बाबा, तो दात हलतच होता." मोठ्या बाईंनी तोंडावर रुमाल धरला.
ते गेल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, "कार्यक्रमातून नाच काढून टाकू या का?"
म्हटलं, काढू नका. आठवडा द्या. नाही बसला तर मी आपली फक्त फरशी पुसीन, पुन्हा तोंड उघडणार नाही.
हे बोलले आणि माझं मलाच नवल वाटलं.

२५ ऑगस्ट
डावं-उजवं बंद. हॉलला एका अंगाला खिडक्या, एका अंगाला दार. आता मी ओरडते, "खिडकीकडे तीन! दाराकडे दोन!" कोणीही कुठेही तोंड करा, खिडकी जागेवरच.
एकेका मोठ्याच्या पुढे एकेक लहान दिला. कोपरवाल्या पोराला मुद्दाम तीच दातवाली. तो म्हणाला, "मावशी, नको ना." म्हटलं, तिला विचार. ती म्हणाली, "चालेल, पण ह्याला बाही खाली करायला सांगा."
आणि मी मोठ्यांकडे तोंड करून उभी राहिले. सगळा वेळ.

३१ ऑगस्ट
झालं. कोणी कोणाला धडकलं नाही. हे मागे उभे होते, छकुली खांद्यावर. घरी येताना म्हणाले, "झाडूची स्टेप भारी होती." छकुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "मी हसायला नको होतं त्या दिवशी."
म्हटलं, हं.

४ सप्टेंबर
नाचाच्या बाईंनी कळवलं, त्या परत येत नाहीत. मोठ्या बाई म्हणाल्या, तास तुम्हीच घ्या. पण ऑफिसातले क्लार्कभाऊ म्हणाले, वर्गावर जायचं तर निदान आठवी पास लागतं.
मी सहावी. तीपण अर्धी.
क्लार्कभाऊंनी तोडगा काढला. म्हणाले, "माझी भाची दहावी पास आहे, कागदावर तिचं नाव लावू, शिकवा तुम्ही."
म्हणजे नाचू मी आणि नाव तिचं? "नाही" म्हटलं. ते म्हणाले, "मग घालवाल हातातलं." घालवीन. पण उद्या छकुलीने विचारलं, हे कोणी शिकवलं, तर कोणाचं नाव सांगू?
मोठ्या बाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "बाहेरून बसता येतं आठवीला. बसाल? तोवर तास तुमच्याकडेच ठेवते, बघते मला कोण विचारतं."
गणिताच्या नुसत्या विचाराने घाम फुटला. बसेन म्हटलं.

७ सप्टेंबर
फॉर्म भरला. शाळा सोडण्याचं कारण, असा रकाना आहे. क्लार्कभाऊ म्हणाले, "लग्न लिहा, सगळ्या तेच लिहितात." मी खरं होतं ते लिहिलं. एकेक अक्षर नीट काढलं. सहावीत स्टेजवर नाचले म्हणून वडिलांनी शाळेतून काढलं.