रोल नसलेला कॅमेरा

सर, परवा तुमच्या मुलाचा फोन आला होता. महाल भागात तुमच्या आठवणींचा कार्यक्रम ठेवला आहे म्हणे. "बाबांच्या विद्यार्थ्यांमधून फोटोच्या लाइनमध्ये तुम्हीच गेल्या मॅडम, दोन शब्द बोला." इथपर्यंत ठीक होतं. मग म्हणतो, वाडीला तुम्ही ज्या पोरांना फोटोग्राफी शिकवता त्यांना घेऊन या, त्यांच्या हातात रिकामे कॅमेरे द्या. बाबा तसंच शिकवायचे ना! रोल न टाकता आधी नजर तयार करायचे. माझं डोकंच सणकलं. "बघते" म्हणून फोन ठेवला आणि अर्धा तास नुसती घरात फेऱ्या मारत बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तुम्ही समोर असता तर तोंडावर बोलले असते.

नजर! त्या मे महिन्यात शाळेच्या व्हरांड्यात आम्ही दहा-बारा पोरं बसलेलो आणि तुमच्या गळ्यात तो एक कॅमेरा. सकाळी ऊन चढायच्या आत तुम्ही आम्हाला गल्ल्यांमधून फिरवायचात, पाळीपाळीनं एकेकाला कॅमेरा द्यायचात. रोल पुढे सरकवायचा खटका ओढायचा, डोळा लावायचा, दाबायचं. फोटो कधी मिळतील असं विचारलं की तुमचं उत्तर ठरलेलं, "रोल धुवायला दिला आहे." माझी पाळी आमच्याच गल्लीत आली. आई गच्चीवर कुरडया घालत होती. मी वर जाऊन म्हटलं, तुझा फोटो काढायचा आहे. ती म्हणाली, "काहून वं? माहा फोटो काहाले पायजे तुले?" पण हात धुतले, आत जाऊन साडी बदलली, तोंडाला पावडर लावली. तुम्ही तिथेच उभे होता सर. तिनं दिलेलं पन्हं तुम्ही प्यायलात. रिकामा पेला तिच्या हातात देताना म्हणालात, "वहिनी, आठ दिवसांत फोटो देतो तुमाले."

ती ताठ बसली, देवळात बसावं तशी. मी दाबणार, तेवढ्यात तुम्ही माझ्या कानाशी म्हणालात, "थांब. समोरचा माणूस कॅमेरा विसरला की मग दाब." मी थांबले. एक कावळा कुरडयांवर उतरला, आई "हाट् मेल्या!" म्हणून ओरडली आणि स्वतःच्याच ओरडण्यावर हसली. मी दाबलं. खट् आवाज आला, मला अजून ऐकू येतो.

शाळा सुरू झाली तरी रोल धुतलाच जात होता. पावसाळ्यात आईला कावीळ झाली. दवाखान्यात पिवळ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघून विचारायची, "आला का वं फोटो?" मी सांगायची, येऊन राहिला आहे. ती गेली. तेरावं झालं, आणि भिंतीवर लावायला घरात तिचा एकही फोटो नव्हता. बाबा मला घेऊन तुमच्या दाराशी आले. तुम्ही आत या म्हणाला नाहीत. "कुठला फोटो? त्याच्यात रोल कुठं होता? पोट्ट्यांच्या हाती रोल देणं परवडते का?" आणि मग माझ्याकडे वळून, मी आठवीतली पोर, आई जाऊन पंधरा दिवस झालेले, "रोल असता तर खटका ओढल्यावर डाव्या बाजूची गुंडी फिरली असती. तुले एवढंही समजलं नाही?" बाबा "बरं सर" म्हणाले. वर तुम्हाला नमस्कार केला. त्या नमस्कारासाठी मला बाबांचा राग नाही येत, तुमचाच येतो.

मास्तरचा पगार किती असायचा ते मला आता कळतं. रोल महाग होता, तेही खरं. मग सांगायचं होतं ना! पहिल्याच दिवशी सांगायचं, पोट्टेहो, कॅमेरा रिकामा आहे, खेळा. आम्ही तेवढ्याच आनंदानं खेळलो असतो. मी आईला साडी बदलायला लावली नसती. शेवटी मावशीच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिचा चेहरा मोठा करून घेतला. त्यात ती कुणाच्या तरी खांद्याआड आहे, म्हणून एक गाल स्टुडिओवाल्यानं ब्रशनं काढून दिला. माझ्या घरी आज भिंतीवर आईचा अर्धा चेहरा आहे आणि अर्धा त्याचा. कार्यक्रमात कुणीतरी नक्की म्हणेल, मनातला फोटो कधी पुसला जात नाही. चुलीत घाला तो मनातला फोटो. त्याला हार घालता येत नाही.

वाडीत रविवारी एका गोदामाच्या मागच्या खोलीत माझा वर्ग भरतो. ड्रायव्हरांची, हमालांची पोरं. माझा पहिला धडा एकच, कॅमेरा उघडा, कार्ड आहे का बघा, माझ्यावरही विश्वास ठेवू नका. काहून, असं एका पोरीनं विचारलं, म्हणून काल त्यांना तुमची गोष्ट सांगितली. तुमचं नाव घेतलं नाही, माझ्या कानाशी काय म्हणालात तेही सांगितलं नाही. ती पोरगी भडकली, "मॅडम, तुमी त्या सरले काहीच म्हटलं नाही?" नाही म्हटलं, बेटा. आता म्हणून राहिली आहे, पण ऐकायला कोणी नाही. पोरांना कार्यक्रमाला नेणार नाही, हे तुमच्या मुलाला उद्या कळवीन. हा कागद मात्र त्याला देणार नाही. बापाबद्दल असलं त्यानं का वाचावं?

एक राहिलं. त्याच पोरीनं तिच्या आईचा फोटो काढून आणला आहे. आई भाकरी थापता थापता कशावर तरी खळखळून हसते आहे. दोन्ही गाल स्पष्ट आलेत. मी म्हटलं, कसा काढला गं? तर म्हणते, "तुमीच तर सांगतलं, समोरचा माणूस कॅमेरा विसरला की दाब. तुमाले कोणी शिकवलं हे?"

माझ्या आईनं, म्हणून सांगितलं मी. खोटं बोलले सर. पुढच्या वर्गालाही हेच सांगणार आहे.