मार्थाची जागा

प्रिय स्टीफन, तुला आणि रूथला प्रभूमध्ये सलाम.

आठवतं, गावी ओसरीवर तू माझ्या लेकीच्या, मार्थाच्या केसांतला गुंता सोडवायचास आणि ती तुला चापट्या मारायची?

ती जाऊन दोन वर्षं झाली, म्हणून काल तिची कबर उघडली. बोरीवलीत जागा कमी, पुढच्याला द्यावी लागते. केस तसेच होते.

खणणारा म्हणाला, “मावशी, आटपा ना, दुसरी बॉडी गेटवर आलीय.” मी म्हटलं, “थांबू दे.” देह पुन्हा उठेल, असं म्हणत हाडं मीच पुसली.

माझं बीपी ठीक आहे. रूथचा गुडघा कसा आहे?

मार्थाची शाल रूथला, जपमाळ तुला. कबरस्तानाच्या भिंतीतल्या ज्या कोनाड्यात तिची हाडं ठेवली, तिथे शेजारी अजून एकीपुरती जागा आहे. ती कुणाला देऊ नका.

तुझी ताई,
फिलोमिना