एकतीस फेऱ्यांचा रणगाडा

मी, श्रीमती रेणू शशिकांत वाकळे, माहेरची भोर, वय वर्षे छप्पन्न, धंदा लेथ चालवणे, राहणार श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेलं नाही, आणि मला धमकावणारा अजून जन्मायचा आहे. वकिलाने याचं इंग्रजी दोन पानांत केलं आहे. घर, बँक, सगळं त्यात बरोबर आहे. पण रणगाड्याचं त्याने एका ओळीत उरकलं. "वन मॉडेल टँक." ते मला चालणार नाही. म्हणून हे मराठीतलं त्याला जोडायचं आणि रणगाड्याच्या बाबतीत हेच खरं धरायचं.

या महिन्याच्या चौदा तारखेला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. भूल देणारी बाई म्हणाली, काळजीचं काही नाही, पण कागद करून ठेवा. काळजीचं नाही तर कागद कशाला, असं मी विचारलं. ती हसली. माझी शाळा सातवीपर्यंत, तेव्हा शुद्धलेखन बघू नये.

एक. श्रूजबरीचं राहतं घर माझी मुलगी अनया हिला. अनया, स्वयंपाकघराची भिंत पाडायची तुझी फार घाई आहे. माझं वर्षश्राद्ध होईपर्यंत ती भिंत उभी राहू दे.

दोन. बँकेत आणि पेन्शनच्या खात्यात जे असेल ते अनयालाच. हिशेब तिला माहीत आहे, इथे मांडत नाही.

तीन. माझी नणंद उल्का हिने माझ्या नवऱ्याच्या तेराव्याला, भरल्या घरात, असं म्हटलं होतं की बाई असून लोखंडात हात घालते म्हणून या घराला बरकत नाही. तिला माझा लोखंडी तवा द्यावा. जड आहे, दोन्ही हातांनी उचलावा.

चार. गॅरेजमधला लेथ, ड्रिल आणि वेल्डिंगचं सामान वुस्टरच्या कुठल्याही व्यवसाय-शाळेला द्यावं. अट एकच, पहिली पाळी मुलीला मिळावी. मी तेरा वर्षांची असताना लेथवर उभी राहिले. नगरला वडिलांचं दुकान होतं. लढाईत त्यांच्या उजव्या हाताची बोटं भाजून एकमेकांना चिकटली होती, पकड येत नव्हती. शाळा सोडून मी त्यांचा उजवा हात झाले. याचं मला दुःख नाही. लोकांना उगाच होतं.

पाच. आता रणगाडा. याला वेळ लागेल.

गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली आहे तो रणगाडा मी सहा वर्षं बांधला. खऱ्याच्या सहाव्या भागाएवढा. लांबी तोफेसकट साडेपाच फूट, वजन दोनशे दहा पौंड. आत अपंगांच्या खुर्चीच्या दोन मोटारी आहेत, रिमोटवर चालतो, माणूस ओढतो. दोन्ही पट्ट्यांच्या मिळून दोनशेवर कड्या, एकेक मी कापली. मापं घ्यायला मी नगरच्या रणगाडा संग्रहालयात टेप घेऊन गेले होते. रखवालदार ओरडला, "ओ बाई, हात लावू नका!" मी म्हटलं, "माझ्या बापाने लढवलाय हा." तो म्हणाला, "मग बापाला घेऊन या." मी म्हटलं, "आणला असता." मग त्याने टेपचं दुसरं टोक धरलं.

हा रणगाडा मी चंद्रशेखर साहेबराव घुले, राहणार फ्रिस्को, टेक्सास, याला देत आहे. तो नको म्हणेल. का देते ते त्याला माहीत आहे, बाकीच्यांसाठी लिहिते.

माझे वडील, दफेदार ज्ञानदेव भोर, एकाहत्तरच्या लढाईत तोफेवर होते. चंद्रशेखरचे वडील साहेबराव घुले त्याच रणगाड्याचे चालक. दोघे नगरचे, एकाच गल्लीतले. चालक पुढे उजवीकडे, खाली बसतो. त्याच्या डोक्यावर लोखंडी झाकण असतं. आतली कडी सोडायची, झाकण वर उचलायचं, बाजूला फिरवायचं आणि बाहेर यायचं. पण तोफ जर बरोबर त्या झाकणावर आलेली असेल तर ते उचलत नाही.

गोळा लागला तेव्हा तोफ झाकणावर होती. वीज गेली. वीज गेली की तोफ हँडलने फिरवावी लागते. चालकाच्या डोक्यावरून पुढच्या डाव्या दिव्यापर्यंत चाळीस फेरे, चाळीस झाले की वाट मोकळी, असं त्यांना शिकवलेलं होतं. माझ्या वडिलांनी साहेबरावांना हाका मारल्या, आवाज आला नाही. ते हँडल फिरवत राहिले. एकतीस फेरे झाले आणि आग आत आली. वर बसलेल्या साहेबाने त्यांना कॉलर धरून ओढून काढलं. हँडलवरचा हात भाजला तो तिथेच.

दवाखान्यातून सुटल्यावर ते आधी घरी आले नाहीत. घुल्यांकडे गेले. चंद्रशेखर तेव्हा पोटात होता. वडील दारात उभे राहून म्हणाले, "वहिनी, एकतीस झाले. नऊ राहिले." घुलेकाकूंकडे पलटणीचं पत्र आलेलं होतं. त्यात होतं की झाकण आतून बंदच होतं, कडीसुद्धा लागलेली होती. काकू म्हणाल्या, "आवाज आला नाही म्हणून सोडलंत?" आणि दार लावलं. ते दार पुढे कधी उघडलं नाही. दर दिवाळीला वडील फराळाचा डबा नेऊन ठेवायचे. दुसऱ्या दिवशी डबा त्यांच्या ओट्यावर तसाच असायचा, दोरीची गाठसुद्धा आमच्याच हाताची.

वडिलांनी खोटं सांगायला पाहिजे होतं, असं माझी आई मरेपर्यंत म्हणत होती. चाळीस झाले होते म्हणायचं. कोण मोजायला होतं?

वडील शहाण्णवला गेले. शेवटचे तीन दिवस शुद्ध नव्हती. उजवा हात हवेत गोल फिरायचा आणि ओठ मोजायचे. एकतीसला थांबायचे. परत एकपासून. बत्तीस मी कधी ऐकलं नाही.

सहा. चंद्रशेखरशी माझं भांडण काय, ते स्वच्छ लिहिते. नऊ-दहा वर्षांपूर्वी मराठी मंडळाच्या गणपतीला तो इथे आला होता. जेवणाच्या रांगेत मला ओळखलं. मी म्हटलं, "शेखर, किती वर्षांनी! काकू कशा आहेत?" तो हातात प्लेट घेऊन म्हणाला, "तुझे बाबा बाहेर आले रेणू, माझे आतून ठोकत राहिले. नऊ फेरे. आय स्टिल काउंट देम." माझ्या हातात श्रीखंडाचा डाव होता. मी त्याला वाढलं आणि पुढे सरकले.

त्यानंतर दोन वर्षं ते डोक्यात फिरत राहिलं. मग मी इथल्या मॉडेलवाल्यांच्या क्लबात गेले. तिथे सगळे म्हातारे. त्यातला वॉल्टर, जो या कागदाला साक्षीदार आहे, त्याने विचारलं, नवऱ्यासाठी काही हवंय का? मी म्हटलं, नवरा मेला, मला तोफ फिरवायचे गिअर पाहिजेत. अनया म्हणाली, "आई, इट्स अ टॉय." मी म्हटलं, खेळणं नाही, साक्षीदार आहे.

गिअर मी असे कापले की हँडलचे चाळीस फेरे झाले की तोफ चालकाच्या डोक्यावरून बरोबर डाव्या दिव्यावर येते. झाकण, कडी, बिजागरी, सगळं मापात. मग हिरवा रंग, तीन हात. वडील सांगायचे की वर चढताना जवानांचे बूट घसरू नयेत म्हणून रंगात वाळू असते. मी वाळू चाळून घेतली आणि पाठीवर सगळीकडे वाळूचा रंग दिला. झाकणावरही दिला.

मागच्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा फेरे मोजले. एकतीसला थांबले. झाकण उचललं. अर्ध्यावर येऊन ते तोफेला खालून अडकलं. चाळीसला नेलं तेव्हा उघडलं. म्हणजे काकू खऱ्या होत्या आणि माझ्या बापाचे नऊ फेरे खरोखर राहिले होते. मी ताडपत्री टाकली आणि पूर्ण हिवाळा गॅरेजचं दार उघडलं नाही. गाडी बर्फात बाहेर ठेवली.

एप्रिलमध्ये वॉल्टर स्वतःच आला. म्हणाला, बांधलंयस तर चालव. क्लबच्या मैदानावर नेलं. शेजारच्या डॉक्टर वसुधाताई आल्या होत्या, त्यांनी नवीन गाडीला ठेवतात तसं पट्ट्याखाली लिंबू ठेवलं. वॉल्टर म्हणाला, "इज दॅट फॉर लुब्रिकेशन?" वसुधाताई म्हणाल्या, "इन्शुरन्स." रणगाडा लिंबावरून गेला, उरलेल्या बर्फाच्या ढिगावर चढला, पलीकडे उतरला, चिखलातून वळला. एकदाही पट्टा उतरला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला काही वाटलं नाही.

मग चिखल पुसायला मी खाली आडवी झाले आणि तोफ खालून पाहिली. रंगावर एक ओरखडा होता आणि त्यात वाळूचे दोन कण रुतले होते. वॉल्टरला दाखवलं. तो चष्मा लावून म्हणाला, "झाकणावर वाळू कोणी लावली?" मी म्हटलं, "मी. पाय घसरू नये म्हणून." तो म्हणाला, "ज्याच्या खाली माणसाचं डोकं, त्याच्यावर पाय कोण देतं?" घरी येऊन संग्रहालयातले फोटो काढले. झाकण गुळगुळीत. अडकली होती ती माझी वाळू आणि माझे तीन हात रंग. मापात वाढलेली ती जाडी खऱ्या रणगाड्यात नव्हती.

ब्लेडने झाकण खरवडून काढलं आणि परत मोजलं. सत्ताविसाव्या फेऱ्याला झाकण पूर्ण उचललं आणि बाजूला फिरलं. अकरा वेळा करून बघितलं. सत्तावीस. चाळीस हा शिकवण्यातला आकडा होता, जास्तीचा धरलेला.

शेखर, आता तुझ्यासाठी लिहिते. माझ्या वडिलांनी एकतीस फेरे दिले. शेवटचे चार फेरे तुझ्या वडिलांची वाट मोकळी होती. तू म्हणशील चार फेरे म्हणजे दहा सेकंद, तेवढ्यात माणूस निघतोच असं नाही. बरोबर आहे. पण पलटणीचं पत्र आठव. कडी लागलेली होती. ती कडी मी स्वतः बनवली आहे. तिचा तोफेशी काही संबंध नाही. तोफ कुठेही असो, ती आतून एका बोटाने सुटते. जिवंत माणूस आधी कडी सोडतो, मग झाकणाला धडका देतो. आत बसलेल्याला वर तोफ आहे की आभाळ, हे माहीत नसतं. तुझ्या वडिलांनी कडीला हातच लावला नाही. गोळा लागला तेव्हाच ते गेले. कोणी ठोकत नव्हतं शेखर. आवाज आला नाही, कारण आवाज द्यायला कोणी नव्हतं. हे तुझ्या आईला कळायला पाहिजे होतं आणि माझ्या वडिलांनाही. दोघांनाही मी उशीर केला.

मे महिन्यात मी तुला फोन केला होता. "एकदा ये आणि हँडल फिरव." तू म्हणालास, "रेणू, प्लीज यार, मीटिंगमध्ये आहे. आई गेली आता. व्हॉट आर यू ट्रायिंग टू प्रूव्ह?" मी म्हटलं, "सांगून पटायचं नाही, हाताला कळेल." तू ठेवलास. मला परत फोन करता आला असता. केला नाही. तो माझा ताठा, आणि त्याची माफी या कागदावर मागते. दुसरीकडे कुठे मागितली नसती.

सात. म्हणून रणगाडा देण्याची अट अशी. चंद्रशेखरने इथे यावं किंवा अनयाने तो फ्रिस्कोला पोचवावा. भाडं माझ्या खात्यातून. तोफ चालकाच्या झाकणावर आणावी, कडी लावावी आणि हँडल त्याने स्वतः फिरवावं, मोजत. रिमोट वापरू नये. माझ्या लिहिण्यावर विश्वास ठेवू नये. तो नाही म्हणाला तर त्याची मुलगी रुही हिला विचारावं. तीही नाही म्हणाली तर दर दिवाळीला परत विचारावं. आमच्या घराला सवय आहे.

आठ. रणगाडा कोणाकडेही असो, उभा करताना तोफ डाव्या दिव्याकडे ठेवायची आणि चालकाचं झाकण उघडं ठेवायचं. आत धूळ गेली तर जाऊ दे.

एवढं लिहून मी सही करते. साक्षीदारांना मृत्युपत्रातून काही देता येत नाही असं वकील म्हणाला, म्हणून वसुधाताईंना लिंबाच्या लोणच्याची बरणी कालच दिली. वॉल्टरला मराठी येत नाही, त्याला वसुधाताईंनी सगळं इंग्रजीत वाचून दाखवलं. सही करण्याआधी दोघांनी हँडल फिरवलं आणि आपापला आकडा स्वतःच्या हाताने लिहिला.

रेणू शशिकांत वाकळे
श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार पहिली: डॉ. वसुधा केळुसकर. झाकण सुटलं तो फेरा: २७

साक्षीदार दुसरा: वॉल्टर ब्रेनन. झाकण सुटलं तो फेरा: २७

चंद्रशेखर साहेबराव घुले. झाकण सुटलं तो फेरा: ........
(ही जागा रिकामी ठेवली आहे. तारीख त्याने घालावी.)