ताकातला सरस

मास्तर, आज पुन्हा तुमच्यावर चिडलो. सुनेनं घर आवरायला काढलंय. तुम्ही दिलेलं बैठं डेस्क उलटंपालटं करून ती म्हणाली, "बाबा, याला एकसुद्धा खिळा नाही. कधी निखळेल सांगता येत नाही." मी म्हटलं, राहू दे. आणि मग दुपारभर तुमच्याशी मनातल्या मनात भांडत बसलो. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, तरी हे भांडण मिटत नाही म्हणजे काय!

कुंडलच्या तुमच्या परसातली पत्र्याची शेड डोळ्यांपुढून हलत नाही. लढाईचे दिवस. लाकूड जोडायचा परदेशी सरस येईनासा झालाय आणि सांगलीचा एक कारखानदार तुम्हाला सांगून गेलाय, की दुधातल्या प्रथिनाचा सरस जमवा, होईल तेवढा माल मी उचलतो. मी कोरेगावहून तुमच्या हाताखाली आलेला, इंटर सायन्सला आपटलेला, शाळेतल्या कविता अजून तोंडात घोळवणारा. आमचे वडील फौजेतून आलेले. त्यांनी बजावलेलं, "दसऱ्यापातुर पगाराचं काम दाव, न्हाईतर चल साताऱ्याला, भरतीला." तुमचा माल सांगलीला गेला की मला पगार मिळणार होता. मास्तर, मला त्या शेडमधून कुठंही जायचं नव्हतं.

साय काढलेलं कोमट दूध, त्यात आम्लाचा एकेक थेंब. तुम्ही सांगायचात, दुधातले प्रथिनाचे कण एकमेकांना दूर लोटत असतात म्हणून तरंगतात. आंबटपणा बेताचा झाला की ते लोटणं थांबतं, कण बिलगतात आणि खाली बसतात. पण आम्ल जास्त झालं तर बसलेलं पुन्हा विरघळायला लागतं. मला वाटायचं, काय सुंदर आहे हे! रुसवा, मग मीलन, आणि अति झालं की पुन्हा ताटातूट. मी तसं म्हणालो, तर तुम्ही वर न बघता म्हणालात, "कवी, चमचा हलव."

पहिले नमुने छान उतरले. आणि मग ती सकाळ. शेजारच्या मळ्यातल्या मावशी चरवी टेकवून सहज विचारतात, "मास्तर, एवढं दूध करता तरी काय?" अहो, काय गरज होती खरं सांगायची? प्रयोगाला लागतं म्हणाला असतात तर आभाळ कोसळलं असतं? पण तुम्ही त्यांना शेडमध्ये नेऊन पातेलंच दाखवलंत. मावशींनी तोंडाला पदर लावला.

"आवं, म्हशीनं दिल्यालं दूध जाणूनबुजून नासवता व्हय? माजी म्हस आटंल की!"

"वहिनी, नासवत नाही. वेगळं करतो."

"नासलंय ते दिसतंय की मला! आन् तू रं कवीराज, तुज्या आईनं बघितलं तर उलथनं फेकून मारंल."

दुसऱ्या दिवसापासून दूध बंद. त्यांच्याच घरचं नव्हे, सगळ्या आळीचं. दसरा जवळ येत चाललेला. मीच मग मावशींच्या दारात जाऊन बसलो. त्यांना माझी दया आली असावी. म्हणाल्या, "ताक न्हे. ते आंबल्यालंच हाय, त्याचं काय बी करा." मी घागर घेऊन धावतच आलो. ताक तापवलं, प्रथिन खाली बसलं, निवळी वर आली. धुतलं, वाळवलं, चुन्यात कालवलं. सरस जमला! तुम्हीसुद्धा हसलात. पुढच्याच क्षणाला पैसे घेऊन मावशींकडे निघालात.

"ताक इकायचं? आमच्यात कुनी ताक इकलं न्हाई मास्तर, आन् मी बी इकनार न्हाई. लागंल तेवढं न्हेत जावा."

"फुकट घेतलेल्या ताकाचा माल मी विकणार नाही, वहिनी."

"मग नका इकू!"

झालं. त्या पैसे घेईनात, तुम्ही फुकटातलं विकेनात. दूध होतं ते नासवायला मिळत नव्हतं आणि आंबलेलं होतं ते विकता येत नव्हतं. मी दोन्ही दारांत हात जोडून आलो. मावशी म्हणायच्या, "मास्तरांना सांग." तुम्ही म्हणायचात, "वहिनींना सांग." सांगलीचा माणूस दोनदा येऊन हात हलवत परत गेला, आणि तुम्ही त्या सरसानं शाळेची मोडकी बाकं जोडत बसलात! एका माणसाचं आयुष्य टांगणीला लागलंय, आणि मास्तर बाकं जोडतायत.

दसरा झाला. मी निघालो तेव्हा त्याच सरसानं जोडलेलं हे डेस्क तुम्ही माझ्या हातात दिलंत. "यावर लिही. खिळा मारू नकोस." एवढंच. मी नमस्कारही नीट केला नाही. फौजेत कोठारात बसून घोंगड्या मोजल्या, बूट मोजले. परत आलो तेव्हा तुम्ही गेला होतात आणि शेडमध्ये मावशींच्या म्हशी बांधल्या होत्या. भांडायचं कुणाशी?

मास्तर, एक सांगतो. मागं एकदा असाच राग अनावर झाला, तेव्हा ओलं फडकं या डेस्कच्या सांध्यावर दिवसभर ठेवलं होतं. साधा सरस ओलाव्यानं सुटतो; हाही सुटला तर खिळा ठोकायचा, असं ठरवलं होतं. संध्याकाळी अंगठ्यानं रेटून पाहिलं. हलला नाही. मला इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी जेवण दोन घास जास्त गेलं. हे तुम्हाला कळलं, तर वर न बघता चमचा हलवायला सांगाल. म्हणून हा लिहिलेला कागद डेस्कातच ठेवतो आणि झाकण लावतो.