यादी कोणी उतरवली

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी ७.
आजपासून सत्यशोधन. आमच्या दूध संघातून सभासदांची यादी बाहेर जाते आहे, हे आता उघड आहे. पशुखाद्यवाले सभासदांना थेट फोन करतात, आणि कोणाची म्हैस कधी आटली हेही त्यांना ठाऊक असते. चेअरमन कोंडिबाअण्णांनी निष्कर्ष आधीच काढला: वेल्ह्याच्या दूध संकलन केंद्रावरची रत्ना. पुरावा? ती कॉम्प्युटरवर बसते. (मीही बसतो, संघाचे कॉम्प्युटर मीच सांभाळतो. पण मी संस्कृत घेऊन बी. ए.) १५ तारखेच्या सभेत तिला काढणार.
माझा उपाय: डेटाबेसमधली यादी कोणी फाईलमध्ये उतरवली, म्हणजे अनलोड केली, की आपोआप एक ऑडिट मेसेज लिहिला जाईल. कोणी, केव्हा, कुठे नेली. टँकर खाली केला की रिकामा दिसतो. डेटाबेस भरलेलाच राहतो, म्हणून गेलेले कळत नाही. दोन दिवसांचे काम. बायकोला, सुलक्षणेला, सांगितले. ती म्हणाली, गिझरही दोन दिवसांतच दुरुस्त होणार होता. विषयांतर.

मंगळवार, ४ नोव्हेंबर.
अडचण. संघात सगळे एकाच आयडीने लॉगिन करतात. माझ्या. अण्णांचे तत्त्व: एका घरात दोन चुली नकोत. आज मी वाटण्या केल्या. भोरच्या ऑफिसात प्रत्येकाला आयडी. अण्णांनाही दिला, नारळ तेवढा फोडला नाही. मग एसटीने वेल्ह्याला. रत्ना रुसेल असे वाटले होते. उलट म्हणाली, "म्या काय केलं न् काय न्हाई, समदं दिसंल ना सर? मग लई बरं झालं." नवऱ्याचा टेम्पो उलटला तेव्हापासून तो अंथरुणाला, घर हिच्या पगारावर. निर्धास्त राहा म्हणालो.

गुरुवार, ६ नोव्हेंबर.
लॉग, म्हणजे त्या मेसेजची नोंदवही, उघडला. कोरा. एकही मेसेज नाही. चोर घाबरला! केवळ माझ्या सेटिंगच्या धाकाने. संघाच्या ग्रुपवर तसे जाहीर केले. अण्णांनी अंगठा पाठवला.

शनिवार, ८ नोव्हेंबर.
वेल्ह्याचा गेनबा बुधवारी सभासद झाला. काल त्याला पशुखाद्यवाल्यांचा फोन: गेनबा, जर्सीला आमची पेंड लावून बघा. म्हणजे बुधवारनंतरही यादी गेली. लॉग मात्र कोरा. अण्णा म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुमच्या यंत्रानं सिद्धच केलं की. पुसलंय तिनं."
जे तिला वाचवायला लावले, तेच तिच्यावर उलटले. घरी येऊन तपासले. सेटिंग 'फक्त एरर' वर होते. यादी बिनबोभाट उतरली तर एरर येईल कुठून? चोरी निर्दोष झाली म्हणून मेसेज नाही. तार्किकदृष्ट्या माझे चुकलेच नव्हते. अण्णांना उद्या सांगतो. उद्या रविवार. सुट्टीच्या दिवशी वरिष्ठांना त्रास देणे अशिष्ट.

सोमवार, १० नोव्हेंबर.
सेटिंग 'सर्व' वर. सर्व म्हणजे खरोखर सर्व, हे अपेक्षित नव्हते. पहाटेचे बिलांचे अनलोड सुरू झाले आणि एकेका सभासदाच्या एकेका किटलीमागे एक मेसेज. डिस्क भरली. वेल्ह्याचे संकलन ठप्प. रत्नाचा फोन: "सर, माणसं किटल्या घेऊन हुभी हायती. म्हनत्यात, म्हशीलाबी सांगा, सर्व्हर डाऊन हाय म्हनून." तिने वजने हाताने लिहून घेतली. अण्णांनी केंद्र बंद पडल्याचा दोषही तिलाच लावला. मी खुलासा करणारच होतो, तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर.
एका जॉबला, म्हणजे एका अनलोडला, एकच मेसेज. मेसेजना वेगळी डिस्क. हे आधीच का केले नाही? अनुभव नव्हता. आता विपुल आहे. रत्नाला चार दिवस आहेत.

बुधवार, १२ नोव्हेंबर. दुपारी.
सापडले. मेसेज: सभासद यादी, अनलोड यशस्वी. आयडी चेअरमनचा. कॉम्प्युटर अण्णांच्या केबिनमधला. फाईल गेली किकवीच्या एका पशुखाद्य एजन्सीच्या ईमेलवर. ती एजन्सी पाडव्याला उघडली. मालकीण शेफाली, अण्णांची सून. उद्घाटनाचे पेढे मीही खाल्ले.
रत्ना सुटली! प्रिंट काढल्या, दोन. आता तडक केबिनमध्ये. जेवून.
४ वाजता. अण्णा बाहेर गेलेले दिसतात. (गाडी उभी होती. पण गाडी म्हणजे अण्णा नव्हेत.)

गुरुवार, १३ नोव्हेंबर.
गेलो. अण्णांनी शांतपणे वाचले. "सूनबाईनं घेतली व्हय. घरातलं घरात. ह्याला कुठं चोरी म्हणायची?" मी विचारले, मग रत्ना? म्हणाले, "सभासदांना एक नाव लागतं, शास्त्रीबुवा. सुनेचं देऊ?" प्रश्न बिनतोड होता. मग चहा मागवून विचारले, हे मेसेज कोण कोण बघतं? फक्त मी, असे अभिमानाने सांगितले. "उत्तम. मग आपण दोघंच." प्रिंट घडी करून त्यांच्या खिशात गेली. चहात वेलदोडा होता.
दुसरी प्रिंट माझ्याकडे आहे. शनिवारी भर सभेत वाचणार. बंद केबिनमध्ये सत्य सांगण्यात पुरुषार्थ तो काय!

शुक्रवार, १४ नोव्हेंबर.
रत्नाचा फोन. "सर, नाव निघालं का?" प्रक्रिया अंतिम टप्प्यात असल्याचे सांगितले. ती म्हणाली, "म्हंजी निघालंय. माझं न्हाई ना त्यात?" नाही, म्हणालो. "मग उद्या तेवढंच सांगा. बाकी कुणाचं का असंना."
आरशासमोर तालीम केली. सुलक्षणा म्हणाली, "अहो, 'यादी रत्नाने नेलेली नाही', एवढंच तर म्हणायचंय." तिला सभाशास्त्र माहीत नाही. प्रस्तावना लागते.

शनिवार, १५ नोव्हेंबर.
सभा झाली. विषय क्रमांक तीन: वेल्हे केंद्रावरील रत्ना यांना कामावरून कमी करणे. अण्णांनी विचारले, यावर कोणाला काही बोलायचे आहे? मी हात वर केला. सगळे वळून बघू लागले. रत्ना दारापाशी उभी होती, तीही. उठलो. प्रिंट हातात होती. अण्णा हसून म्हणाले, "बोला, शास्त्रीबुवा."
प्रिंटरचा टोनर संपत आला आहे, असे म्हणालो.
विषय तीन मंजूर. टोनरही मंजूर, एकमताने.